आधी डबा, मग कोड

सेन्सर-कोडची कार्यशाळा घेतेयस ना, मग ऐक. पहिल्या तासाला लॅपटॉप उघडायचाच नाही. समोर बालवाडीच्या ताई असोत नाहीतर चित्रकलेचे मास्तर, त्यांच्या हाती पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी दे. ‘डब्यात हात घातला की गाणं वाजायला हवं’ असं कुणी म्हणालं, तर डबा त्यांना करू दे आणि गाणं तू तोंडाने म्हण. हात कितपत आत गेल्यावर सुरू करायचं, काढल्याबरोबर थांबायचं की कडवं पुरं करायचं, हे सगळे प्रश्न तिथेच निघतात. फुकटात.

मग डब्यात हाताची सावली ओळखायला एलडीआर, म्हणजे उजेड मोजणारा सेन्सर. त्याचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला, आणि मधल्या सांध्यावरून आर्डुइनो उनोच्या ए-झिरोला वायर. आकडा ० ते १०२३ मध्ये येतो, सावली पडली की उतरतो. आकड्याचा आलेख काढणारा सीरियल प्लॉटर लावून दे आणि हात आत-बाहेर करायला सांग. रेघ खाली-वर जाताना दिसली, की ‘याच्या खाली गेली की वाजव’ हे ताई आपण होऊन म्हणतात. कोडमधली अट म्हणजे तेवढंच. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २००७ साली ‘एक्झेम्प्लार’ हे साधन केलं ते याच वाटेनं: कृती करून दाखवायची, आलेखातला हवा तो तुकडा निवडायचा.

मर्यादेचा आकडा दुसऱ्याच्या कोडमधून उचलू नकोस. डबा जिथे ठेवायचा तिथेच मोजा. खिडकीतला उजेड दुपारी वेगळा, संध्याकाळी वेगळा. आणि मर्यादा दोन ठेव. समजा ३०० च्या खाली सुरू, ४०० च्या वर बंद. एकच ठेवलीस तर आकडा तिथे घुटमळला की गाणं उचक्या देतं.

वायरींचा धसका घेणारे असतील तर मायक्रोबिट घे. उजेड तो स्वतःच ० ते २५५ मध्ये मोजतो, मेककोडचे ठोकळे मुलंही जोडतात.

बंद पडलं तर कोडला शेवटी हात लाव. आधी ब्रेडबोर्डातल्या वायरी दाबून बघ, ग्राउंड बघ. आणि माउस शिकणाऱ्यांच्याच हातात राहू दे, तुझे हात कितीही शिवशिवले तरी.

कुंडीतला ओलावा मोजायचाय असं कुणीतरी म्हणणारच. दोन उघड्या दांड्यांच्या सेन्सरला सतत वीज दिली की दांड्या लवकर झिजतात. मोजण्यापुरतीच दे, नाहीतर कपॅसिटिव्ह सेन्सर आण.