तुझं सेशन कोण तपासणार?

चि. सायलीस,


तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकं शेवटच्या पानापर्यंत वाचली. ग्रंथालय केवढं, प्लेसमेंट कुठे कुठे, पाहुणे व्याख्याते कोण, सगळं दिलंय. मला हवी होती ती गोष्ट मात्र एकातही सापडली नाही : विद्यार्थ्याने घेतलेलं सेशन कोण तपासतं आणि किती वेळा? काउन्सेलिंगच्या एम.ए.ला प्रवेश घ्यायचा तर आधी हे विचारायचं. दादाला फीची काळजी आहे, वहिनीला हॉस्टेलची. ती त्यांना करू दे. हे तू स्वतः जाऊन विचार. जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठ. त्या खरं सांगतात.

बऱ्याच ठिकाणी सुपरव्हिजन म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा मॅडमच्या केबिनमध्ये उभ्याउभ्या 'केस बरी चाललीय' असं सांगणं. त्यात आपल्याला आठवेल तेवढंच आपण सांगतो, आणि आठवतं ते बहुतेक आपल्या सोयीचं असतं. खरं शिकणं होतं ते व्हर्बेटिमवर. क्लायंट काय म्हणाली, त्यावर मी काय म्हणाले, मध्ये कुठे दोघी गप्प झालो, सगळं शब्दन्‌शब्द लिहून न्यायचं. क्लायंटने परवानगी दिली असेल तर रेकॉर्डिंग उत्तम. कार्ल रॉजर्स 1940 च्या आसपास ओहायोमध्ये सेशन तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांबरोबर ऐकत असे. 1942 च्या पुस्तकात तर त्याने एका क्लायंटची आठही सेशन्स जशीच्या तशी, वर शेरे मारून छापली. बंद दारामागे काय चालतं ते असं उघड्यावर मांडायला धैर्य लागतं, आणि रॉजर्सच्या तत्त्वांइतकंच मला त्याचं हे धैर्य मोठं वाटतं.

एक नमुना देते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाहीतर पत्रात लिहिलंच नसतं. चाळिशीतली बाई म्हणते, 'यांचं काही वाईट नाही हो. पण संध्याकाळी जिना चढताना पाय जड होतात.' शिकाऊ मुलगी विचारते, 'डॉक्टरांना दाखवलंत?' 'दाखवलं. सगळं नॉर्मल आलं.' 'मग काळजी करू नका. रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढत जा.' बाई म्हणते, 'हो, काढते,' आणि पुढची वीस मिनिटं मुलाच्या क्लासबद्दल बोलत राहते. मुलीने अहवालात लिहिलं होतं : क्लायंट मोकळेपणी बोलली.

व्हर्बेटिम समोर ठेवून मी 'जिना' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, इथे तुझ्या मनात काय आलं? बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'भीती वाटली. आता ही नवऱ्याबद्दल काहीतरी सांगेल आणि मला काही सुचणार नाही.' डॉक्टर, स्वतःसाठी वेळ, हे सगळं त्या भीतीपोटी आलं होतं. पुढच्या खेपेला तिने एवढंच केलं : 'मागच्या वेळी तुम्ही जिन्याबद्दल बोलत होतात,' असं म्हणून गप्प बसली. त्या दिवशी बाई बोलली. काय, ते तुला सांगायचं कारण नाही.

हे पुस्तकातून येत नाही. पुस्तकं वाचच, जेरार्ड ईगनचं वाच, बेकचं वाच. 1965 ची ग्लोरियाची फिल्म वर्गात दाखवतीलच. तीत रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस एकाच बाईबरोबर एकेक सेशन घेतात. ती आवाज बंद करूनही एकदा बघ, कोण कसा बसलाय ते कळतं. एलिस आपल्याकडे रुजला तो मराठी माणसांमुळे. कि. मो. फडके मुंबईहून त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत होते, आणि ठाण्यात 1990 मध्ये सुरू झालेल्या आय.पी.एच. या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी त्याची आरईबीटी ही पद्धत घराघरांत नेली. इंटर्नशिपसाठी अशा ठिकाणांचा विचार कर, किंवा पुण्याच्या 'मुक्तांगण'चा. व्यसनमुक्ती केंद्रात लोक तुमच्याशी गोड बोलायला बांधील नसतात. शिकणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं.

न्यू जर्सीच्या मिलिंददादाने तुला तिकडे यायला सांगितलंय म्हणे. जायचं तर जा, पण न जाताही तिथली एक गोष्ट उचल. तिकडे सीएसीआरईपी या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात 60 क्रेडिट असतात. प्रॅक्टिकमचे 100 तास, त्यांतले 40 प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. मग इंटर्नशिपचे 600, त्यांतले 240 प्रत्यक्ष. शिवाय दर आठवड्याला सुपरव्हिजन. डिग्रीनंतर लायसन्ससाठी आणखी देखरेखीखालचं काम, ते राज्याराज्यांत वेगळं. ही अट आपल्या कॉलेजांना लागू नाही. पण 'तुमच्याकडे प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास होतात?' असं विचारल्यावर समोरचा माणूस आकडा सांगतो की भाषण देतो, ते बघ.

आपल्याकडची कागदपत्रांची बाजू जरा गुंतागुंतीची आहे, आणि प्रवेशाच्या वेळी ती कुणी समजावून सांगत नाही. एम.ए. काउन्सेलिंग झालं म्हणजे तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाहीस. त्यासाठी आरसीआयने (भारतीय पुनर्वास परिषदेने) मान्य केलेला क्लिनिकल अभ्यासक्रम करून त्यांच्याकडे नोंद व्हावी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची. काउन्सेलरचं नाव त्यात नाही. 2021 च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्याने वर्तन-आरोग्याच्या गटात सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर घेतलेत, त्याची घडी अजून बसतेय. त्याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीने 2025 मध्ये मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम बंद करायला लावले. तेव्हा 'घरबसल्या एम.ए. कर' म्हणणाऱ्या काकूंना नम्रपणे नाही म्हण. आणि सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट घेऊन इन्स्टाग्रामवर 'थेरपिस्ट' लिहिणाऱ्यांच्या रांगेत तू उभी राहू नयेस एवढा हट्ट माझा आहे.

पहिल्या वर्षी प्लेसमेंटला शाळेत पाठवतील. वर्गात गुप्ततेवर तास होतो, परीक्षेत प्रश्नही येतो, पण सातवीतल्या मुलीला ती कोणत्या शब्दांत सांगायची याची तालीम कुणी घेत नाही. पोक्सोच्या 19 व्या कलमाखाली मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून 'तू काहीही सांग, मी कुणालाच सांगणार नाही,' असं वचन देऊ नकोस. पहिल्याच भेटीत, विषय निघण्याआधी, सरळ सांग : 'तू जे बोलशील ते आपल्या दोघींतच राहील. फक्त कुणी तुला त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. आणि ते करण्याआधी मी तुला सांगेन.' आरशासमोर म्हणून बघ. पहिल्यांदा घशात अडकतं.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला शाळा, हॉस्पिटल, संस्था जे देतील त्यावर भागवावं लागेल, आणि त्यातून सुपरव्हिजनचे, शिवाय स्वतःच्या थेरपीचे पैसे बाजूला काढावे लागतील. स्वतःच्या थेरपीला 'मला काय झालंय?' असं म्हणू नकोस. आजोबांच्या आजारपणात तू घर सांभाळलंस, त्याबद्दल आजवर कुणाशी धड बोललेली नाहीस. तसाच एखादा आजारी म्हातारा कुणाच्या बोलण्यातून समोर आला की ते वर येईल, आणि क्लायंटच्या तासात ते परवडत नाही.

मुलाखतीत 'मला लोकांना मदत करायला आवडते' असं म्हणू नकोस. पॅनेलने ते सकाळपासून प्रत्येकाच्या तोंडून ऐकलेलं असतं. कुणाला मदत करायला गेलीस आणि जमलं नाही, असं एखादं सांग. मग गप्प बस, त्यांना विचारू दे.

तुझी,
आत्या

ता. क. टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजीतून होतो. फॉर्म हिवाळ्यातच निघतात, तारखेवर लक्ष ठेव. दादाच्या भरवशावर राहू नकोस.