संकेतस्थळ करवून घेण्यापूर्वीं

ढोकीजवळचें तेर म्हणजे प्राचीन काळचें तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा अज्ञात कर्ता सांगतो कीं, हें मोठें नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून पुष्कळ कापड भडोचच्या बंदरास जातें. ठिकाण कोठें, वाट किती, माल कोणता, हें सर्व थोडक्या ओळींत आलें. आजच्या व्यापाऱ्याच्या संकेतस्थळानेंही प्रथम हेंच सांगावयाचें असतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वडिलांनीं दुकानासाठीं संकेतस्थळ करावयाचें योजिलें, तर वेब डिझायनरकडे जाण्यापूर्वीं घरीं बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या.

पहिली गोष्ट हेतूची. पृष्ठ वाचून गिऱ्हाइकानें दूरध्वनि करावा, मागणी नोंदवावी, कीं दुकानीं यावें? हें ठरलें म्हणजे पृष्ठें किती हवींत तें कळतें. मालाचें वर्णन, भाव व छायाचित्रें आपणच सिद्ध करावीं. कारण कारागीर घडण जाणतो, आपली ज्वारी जाणत नाहीं.

दुसरी गोष्ट खर्चाची. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टान्त येथें तंतोतंत लागू पडतो. संकेतस्थळाचें नांव व त्याची जागा यांचें शुल्क वेळोवेळीं भरावें लागतें. पुढें मजकूर बदलण्याचीही मजुरी पडते. तीं सर्व आधींच विचारावीं. कारागिराचीं पूर्वीचीं कामेंही मोबाइलवर उघडून पाहावीं.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकीची. नांव स्वतःच्याच नांवावर नोंदवावें; २०१४ पासून ‘.भारत’ असें देवनागरी नांवही मिळूं शकतें. परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवावा. नाहीं तर बेबनाव होतांच दुकानाची पाटी दुसऱ्याच्या हातीं जाते! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ताच असतो, आणि हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेख व सही लागते. म्हणून केवळ पैसे देऊन स्वस्थ बसूं नये. करारांत तसें स्पष्ट लिहून घ्यावें.

तगरचें तें कापड केव्हांच विरून गेलें. परंतु त्याविषयीं नेमकेपणानें लिहिलेलें अद्याप वाचावयास मिळतें. तेव्हां मुलांनो, आज सायंकाळीं वडिलांजवळ कागद घेऊन बसा. सुवाच्य अक्षर तुमचें, व्यवहारज्ञान त्यांचें. असें दोहोंनीं मिळून केलेलें टिपणच पुढील कामाचा पाया होय.