उपग्रहाचें घड्याळ

रस्ता दाखविणारा मोबाइल आज घरोघरीं आहे. आपण कोठें आहों हें त्या यंत्रास कसें कळतें, असें आम्ही वर्गांत विचारलें म्हणजे बहुतेक विद्यार्थी सांगतात कीं, उपग्रह वरून आपणांस पाहतो. उपग्रह कोणासही पाहत नाहीं. "या क्षणीं माझ्या घड्याळांत इतके वाजले असून मी अमुक स्थळीं आहें," एवढाच संदेश तो अखंड पाठवीत असतो.

हा संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर, धांवतो. वाटेंत गेलेल्या वेळेस या वेगानें गुणिलें कीं उपग्रहाचें अंतर मिळतें. अशीं तीन अंतरें हातीं आलीं म्हणजे भूमितीनें ठिकाण निघावें. मग चौथा उपग्रह कशास हवा? तर मोबाइलमधील घड्याळ साधें व चुकार असतें. त्याची चूक हें चौथें अज्ञात होय, आणि चार अज्ञातांस चार समीकरणें लागतात हें बीजगणित शिकणारांस सांगावयास नकोच.

उपग्रहांतील घड्याळास मात्र अशी सवलत नाहीं. सेकंदाचा दशलक्षांश भाग चुकला तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो! म्हणून तेथें अणूंच्या कंपनांवर चालणारीं घड्याळें बसवितात.

अमेरिकेची जीपीएस ही योजना तेथील सैन्यानें उभारिली. नागरिकांसाठीं असलेल्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळण्याची तिची रीत मे २००० मध्यें बंद झाली खरी. तथापि आपलीं जहाजें व विमानें परक्या सैन्याच्या मर्जीवर सोडणें यूरोपास प्रशस्त वाटेना, व तें आमच्या मतें योग्यच होतें. त्यांनीं नागरी नियंत्रणाखालील गॅलिलिओ योजना हातीं घेतली. तिची प्रारंभिक सेवा डिसेंबर २०१६ मध्यें सुरू झाली.

तत्पूर्वीं, २२ ऑगस्ट २०१४ रोजीं, तिचे दोन उपग्रह भलत्याच कक्षेंत जाऊन पडले. कारण अगदीं क्षुल्लक! अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यांत इंधनाची नळी अतिथंड हेलियमच्या नळीस लागून बसविलेली होती, त्यामुळें इंधन गोठलें. वर्तुळाच्या जागीं लंबवर्तुळ झालें. पुढें उपग्रहांतील इंधन खर्चून कक्षा बरीच सुधारिली, तरी ते दिवसांतून दोनदां सुमारें ८,५०० किलोमीटर वर चढत व खालीं उतरत राहिले.

येथें आइन्स्टाइनचें स्मरण होतें. गुरुत्वाकर्षण जेथें क्षीण, तेथें घड्याळ जलद चालतें, असा त्याचा सिद्धांत. जीपीएसच्या उपग्रहांतील घड्याळें, त्यांच्या गतीचा परिणाम वजा जातांही, दिवसास सुमारें ३८ दशलक्षांश सेकंद पुढें जातात व ती दुरुस्ती आधींच करून ठेवावी लागते. आतां हे दोन भरकटलेले उपग्रह अचूक घड्याळें घेऊन आपोआप वरखालीं जात होते. असा प्रयोग मुद्दाम करावयाचा तर केवढा खर्च आला असता! फ्रान्स व जर्मनी येथील शास्त्रज्ञांनीं ही संधि साधिली. १९७६ सालीं अग्निबाणांतून घड्याळ पाठवून केलेल्या परीक्षेहून सुमारें पांचपट सूक्ष्म परीक्षा त्यांनीं केली, व २०१८ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला: वर जातांना घड्याळें सिद्धांतांत सांगितल्याप्रमाणेंच जलद होत होतीं.