मोबाईलची कड बारीक कशी झाली? (उपक्रमासह पाठ, इयत्ता ५ वी ते ७ वी)



मध्यंतरी आमच्या शाळेतला टॅब एका मुलाच्या हातून पडला. डाव्या कडेला बारीकसा तडा गेला, बाकी काच धड होती. पण टॅब उभा धरला की तड्याच्या वरचं चित्र व्यवस्थित आणि खालचं गायब! दुरुस्तीवाले म्हणाले, "सर, पूर्ण डिस्प्लेच बदलावा लागेल." तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तडा तर एवढासा, तोही कडेला. मग खालचं सगळं चित्र का गेलं?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर देता देता हा पाठ तयार झाला.

पडद्यावर चित्र कसं उमटतं?

पडदा म्हणजे चौकटीच्या वहीचं पान समजा. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल. फुल एचडी मोबाईल उभा धरला तर त्यात १९२० आडव्या ओळी असतात. चित्र सगळीकडे एकदम भरलं जात नाही, ते एकेक ओळ करून भरलं जातं. ज्या ओळीची पाळी असेल तिचे दरवाजे उघडतात, रंगाची माहिती आत शिरते, दरवाजे बंद होतात आणि पुढची ओळ उघडते.

हे दरवाजे म्हणजे ट्रान्झिस्टर. ते ओळीने उघडणाऱ्या सर्किटला 'गेट ड्रायव्हर' म्हणतात. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने भरतं. म्हणजे १९२० × ६० = १,१५,२०० ओळी एका सेकंदात! एका ओळीच्या वाट्याला नऊ मायक्रोसेकंदही येत नाहीत.

पूर्वी हे काम पडद्याच्या बाजूला चिकटवलेल्या वेगळ्या चिप करायच्या. चिपला जागा लागायची, तिथून निघणाऱ्या तारांनाही जागा लागायची. म्हणून कड रुंद असायची. मग युक्ती निघाली, की पिक्सेलचे ट्रान्झिस्टर काचेवर बनतातच, तर ड्रायव्हरचेही त्याच वेळी तिथेच बनवू. १९७९ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकोम्बर यांनी अमॉर्फस सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर दाखवला होता. तोच पुढे काचेवरच्या पडद्यांचा पाया ठरला.

करून पाहा : खांद्यावर हात

१. वीस मुलांना एका रांगेत खाली बसवा.
२. पहिल्या मुलाच्या खांद्यावर तुम्ही हात ठेवा. म्हणजे 'तयार राहा'.
३. टाळी वाजवा. ज्याच्या खांद्यावर हात आहे तोच उभा राहील आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवील.
४. पुढची टाळी. दुसरा उभा राहील, तिसऱ्याला तयार करील आणि पहिल्याला खाली बसवील.

टाळी म्हणजे सर्किटमधला 'क्लॉक'. उभं राहणारं मूल म्हणजे उघडलेली ओळ. या साखळीला 'शिफ्ट रजिस्टर' म्हणतात. प्रत्येक ओळीला वेगळी तार बाहेरून आणावी लागत नाही. सुरुवातीचा एक इशारा, दोन-चार क्लॉकच्या तारा आणि वीजपुरवठा, एवढ्यावर भागतं. जागा वाचते ती इथे.

आता मधल्या एका मुलाला गुपचूप सांगा, "तू उठायचं नाहीस." खेळ तिथेच थांबतो! पुढचे सगळे वाट बघत बसून राहतात. मुलं लगेच ओरडली, "सर, आपला टॅब!" लक्षण अगदी तसंच होतं. आणि ड्रायव्हर काचेवरच घडवलेला असल्यामुळे तेवढाच काढून बदलता येत नाही.

बसून राहणं हेही कामच

एक ओळ उघडी असताना बाकीच्या १९१९ ओळी घट्ट बंद राहायला हव्यात, नाहीतर चित्र बिघडेल. त्यासाठी वेगळे ट्रान्झिस्टर जवळजवळ सतत कामावर असतात. सतत ताण पडला की अमॉर्फस सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर थकतो, म्हणजे तो सुरू व्हायला जास्त व्होल्टेज मागू लागतो. म्हणून बरेचदा अशा दोन जोड्या ठेवून त्यांना आळीपाळीने विश्रांती देतात. वर्गात आपण दोन मॉनिटर नेमतो ना, तसंच! पण जोड्या वाढल्या की जागाही वाढते. मग शेजारच्या दोन ओळींमध्ये एकच जोडी वाटून घेतली जाते.

आता गणित करू

पडद्याची उंची १२ सेंमी आणि ओळी १९२०. म्हणजे एका ओळीला १२० ÷ १९२० = ०.०६२५ मिमी उंची मिळाली. समजा, ड्रायव्हरच्या एका घराला ०.०५ चौ. मिमी जागा लागते (आकडा फक्त उदाहरणासाठी). तर रुंदी = ०.०५ ÷ ०.०६२५ = ०.८ मिमी.

आता विषम ओळींची घरं डाव्या कडेला आणि सम ओळींची उजव्या कडेला ठेवली तर? प्रत्येक घराला दुप्पट उंची, म्हणजे ०.१२५ मिमी मिळते. रुंदी = ०.०५ ÷ ०.१२५ = ०.४ मिमी. क्षेत्रफळ तेवढंच, पण कड निम्म्याने बारीक!

दुसरा मार्ग पदार्थाचा. जिथून वीज सहज वाहते तो ट्रान्झिस्टर लहान असला तरी चालतो. २००४ मध्ये जपानच्या टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या होसोनो यांच्या गटाने इंडियम, गॅलियम, झिंक यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक ट्रान्झिस्टर दाखवला. त्यात इलेक्ट्रॉन अमॉर्फस सिलिकॉनपेक्षा साधारण दहापट सहज सरकतात.

मुलांना विचारा

१. विषम-सम मांडणीत फक्त डावी साखळी मधेच तुटली, तर पडदा कसा दिसेल? (दोन रांगा करून खेळून पाहू द्या.)
२. बारीक कडेमुळे आपल्याला काय मिळालं आणि दुरुस्तीत काय गमावलं?

दुसऱ्या प्रश्नावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवलं, की नवीन टॅबला कडा झाकणारं जाड कव्हर आधी घालायचं. टॅब ज्याच्या हातून पडला होता तोच कव्हरचं माप घ्यायला पट्टी घेऊन पुढे आला.