आजीबाई मोझेस : एका शेतकरणीची चित्रकला

कला ही तरुणपणीं हस्तगत झाली तरच झाली, अशी समजूत आपल्यांत फार रूढ आहे. ती कितपत खरी, हें पाहण्याकरितां आम्ही येथें अमेरिकेंतील एका शेतकरणीचें चरित्र थोडक्यांत देत आहों.

ॲना मेरी रॉबर्टसन हिचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील ग्रिनिच या लहानशा गांवाजवळ झाला. दहा भावंडांत ती तिसरी. बाप शेतकरी, पण त्याला चित्रांची हौस होती. तो मुलांस कोऱ्या कागदाचे मोठे ताव आणून देई. एक ताव एका सेंटास मिळे, आणि खाऊपेक्षां तो अधिक काळ टिके, असा त्याचा हिशेब! रंगांस पैसे कोठून असणार? ॲना द्राक्षांचा व रानफळांचा रस काढून चित्रांत भरी.

हा खेळ लवकरच संपला. १२ व्या वर्षीं ती परक्या घरीं कामास राहिली, व पुढें सुमारें १५ वर्षें तिनें तेंच काम केलें. १८८७ सालीं थॉमस सॅमन मोझेस या शेतगड्याशीं तिचा विवाह झाला. उभयतां दक्षिणेकडे व्हर्जिनिया संस्थानांत जाऊन स्टॉन्टन गांवाच्या परिसरांत शेती करूं लागलीं. संसारास हातभार म्हणून मोझेसबाई लोणी काढून विकीत, बटाट्याच्या काचऱ्या तळून विकीत. त्यांस दहा मुलें झालीं; पैकीं पांच तान्हेपणींच गेलीं. १९०५ सालीं हें कुटुंब न्यूयॉर्क संस्थानांत परत येऊन ईगल ब्रिज येथें स्थायिक झालें. १९२७ सालीं पति निवर्तले.

एवढ्या काळांत बाईंची आवड मेली होती काय? नाहीं. एकदां दिवाणखान्याच्या भिंतींस लावावयाचा कागद अपुरा पडला, तेव्हां त्यांनीं शेगडीच्या तोंडावरील फळीवर देखावा रंगवून ती उणीव भरून काढली. पुढें त्या लोकरीच्या धाग्यांनीं चित्रें भरूं लागल्या. संधिवातानें बोटें आखडून सुई धरवेना, तेव्हां बहिणीनें कुंचला धरून पाहण्यास सुचविलें. अशा रीतीनें वयाच्या पाऊणशेच्या सुमारास त्या नेटानें चित्रें काढूं लागल्या. शेतकी प्रदर्शनांत त्यांनीं मुरंबे व चित्रें दोन्हीं मांडलीं. बक्षीस मुरंब्यांस मिळालें, चित्रांस नाहीं!

१९३८ सालीं लुई कॅल्डर या चित्रसंग्राहकास हूसिक फॉल्स येथील औषधांच्या दुकानाच्या खिडकींत हीं चित्रें दिसलीं. किंमत तीन ते पांच डॉलर. त्यानें तीं सर्व घेतलीं व तो बाईंच्या घरीं गेला. घरीं आणखी दहा आहेत, असें सुनेनें सांगून टाकलें होतें. मोजतां नऊच भरलीं. बाईंनीं एक मोठें चित्र कापून त्याचीं दोन केलीं आणि शब्द पुरा केला. १९३९ सालीं त्यांचीं तीन चित्रें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत मांडलीं गेलीं, आणि १९४० सालीं, वयाच्या ८० व्या वर्षीं, त्यांच्या एकट्याच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन भरलें. १३ डिसेंबर १९६१ रोजीं त्या १०१ वर्षांच्या होऊन वारल्या, तोंपर्यंत त्यांच्या हातून सुमारें १,५०० चित्रें झालीं होतीं.

या चित्रांत काय आहे? आपल्याकडील गुऱ्हाळासारखी मेपल वृक्षाच्या रसाची कढई, बर्फावरील घसरगाडी, गोधडी शिवण्यास जमलेल्या शेजारणी. आधीं आकाश, मग डोंगर, मग जमीन व गुरें, आणि शेवटीं माणसें, असा त्यांचा क्रम असे.  बहुतेक देखावे आठवणींतून येत. ज्या कष्टांनीं त्यांस साठाहून अधिक वर्षें कुंचल्यापासून दूर ठेविलें, त्याच कष्टांनीं त्यांस चित्रांचे विषय पुरविले.

विद्यार्थिमित्रहो, दळणकांडण, गोठा, पाणी यांत वेळ फुकट गेला असें मानूं नका. डोळे उघडे ठेवून केलेलें काम मनांत सांठत असतें. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा असो वा मुलगी, तिच्या हातीं कोऱ्या कागदाचा एक ताव अवश्य द्यावा. शुभवर्तमानांतील चाकरानें धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेविला व तो दोषी ठरला. मुलांच्या अंगचा गुण आपल्या हातून तसा पुरला जाऊं नये.