सेशन अप आहे, तरी पॅकेट पोचत नाही

बीजीपीचं सेशन अप दिसलं की चेंज विंडोमध्ये बसलेल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. माझा पडत नाही. नेबर एस्टॅब्लिश्ड असणं म्हणजे दोन राउटरांचं टीसीपीच्या १७९ नंबरच्या पोर्टवर बोलणं सुरू झालं, एवढंच. राउट आले का, टेबलात बसले का आणि गेलेल्या पॅकेटचं उत्तर परत येतंय का, हे सगळं त्यानंतर बघायचं असतं. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पुणे-नागपूर लिंकची गोष्ट आवर्जून सांगतो.

एका ग्राहकाची नवी लेयर-२ लिंक होती, दोन्ही टोकांना सिस्कोचे राउटर. रात्री कटओव्हर झाला, सेशन वर आलं आणि तीन मिनिटांनी पडलं. पुन्हा आलं, पुन्हा तीन मिनिटांनी पडलं. पिंग मात्र चोख. प्रोव्हायडर म्हणाला, आमच्याकडून लिंक क्लीन आहे. कुणी एसएफपी बदलून पाहिला, कुणाला पासवर्डचा संशय आला, एकजण तर राउटर रीलोड करायलाच निघाला होता. त्याला थांबवलं ते बरं झालं, कारण उत्तर लॉगमध्येच पडलं होतं.

लॉगमध्ये होल्ड टाइम संपल्याचं नोटिफिकेशन होतं आणि ते पुण्याच्या राउटरने पाठवलेलं होतं. सिस्कोवर हा वेळ मुळात १८० सेकंदांचा असतो. नोटिफिकेशन कोण पाठवतो याकडे नीट लक्ष द्या. ज्याच्यापर्यंत समोरच्याचं काही पोचत नाही, तोच ते पाठवतो. म्हणजे बिघाड नागपूरहून पुण्याकडे येणाऱ्या वाटेवर होता. नागपूरच्या राउटरवर समरी काढली तर आउटक्यूचा आकडा खाली यायलाच तयार नव्हता, आणि आमच्याकडे आलेले प्रीफिक्स शून्य.

सिस्कोचं साधं पिंग १०० बाइटचं असतं. आम्ही साइझ १५०० दिली, डीएफ बिट लावला, आणि स्क्रीनवर नुसते टिंबच टिंब. साइझ उतरवत गेलो, तर १४९६ ला उद्गारचिन्हं आली. फरक ४ बाइटचा, म्हणजे बरोबर एका व्हीलॅन टॅगएवढा. प्रोव्हायडरच्या मधल्या कुठल्यातरी स्विचवर आमच्या फ्रेमला जादा टॅग लागत होता आणि त्या स्विचची एमटीयू तेवढी वाढवलेली नव्हती. लेयर-२ चा स्विच मोठी फ्रेम मुकाट्याने टाकून देतो. राउटर निदान आयसीएमपीने तसं कळवू तरी शकतो. इथे तीही सोय नव्हती.

मग सेशन मुळात वर यायचं कसं? सुरुवातीचे निरोप अगदी लहान असतात. किपअलाइव्ह तर १९ बाइटचा. पण एस्टॅब्लिश्ड झाल्यावर अपडेट निघतात, त्यात शेकडो प्रीफिक्स असले की टीसीपीचा सेगमेंट पूर्ण भरतो आणि पॅकेट १५०० ला टेकतं. ते हरवतं. टीसीपी क्रम सोडत नाही, त्यामुळे मागचे किपअलाइव्ह लहान असूनही बीजीपीच्या हाती लागत नाहीत. एकेरी रुळावर मालगाडी अडकली की मागची पॅसेंजरही उभी राहते, तसं. लॅबमध्ये चार राउट टाकून केलेली चाचणी म्हणूनच पास झाली होती. प्रोव्हायडरने स्विच दुरुस्त करेपर्यंत आम्ही राउटरच्या टीसीपीचा एमएसएस कमी केला आणि सेशन टिकलं. शाखांच्या ट्रॅफिकसाठी तो इंटरफेसवर वेगळा लावावा लागतो, हे विसरू नका.

सेशन टिकूनही पोच नसेल, तर आधी प्रीफिक्स मोजा. शून्य असतील तर पॉलिसी पाहा: आयओएस एक्सआरवर ईबीजीपी नेबरला पॉलिसी लावली नसेल, तर सेशन अप राहतं, पण राउट ना येतात ना जातात. राउट आहे पण बेस्ट नाही, असं दिसलं तर नेक्स्ट-हॉपकडे वळा. आयबीजीपी नेक्स्ट-हॉप बदलत नाही. बाहेरच्या लिंकचा पत्ता आतल्या राउटरला माहीत नसेल, तर तो राउट नुसता यादीत पडून राहतो. एजवर नेक्स्ट-हॉप-सेल्फ लावलं की बहुतेक वेळा काम होतं.

परतीची वाट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. राउटरवरून पिंग केलं की सोर्स पत्ता बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा लागतो, आणि ती लिंकची स्लॅश-३० बऱ्याचदा बीजीपीत दिलेलीच नसते. मग पिंग फेल, पण शाखेचं काम सुरळीत. किंवा नेमकं उलटं. सोर्स म्हणून लॅनचा पत्ता देऊनच पिंग करा, आणि समोरच्यालाही तसंच करायला सांगा.

घाईत सगळ्या नेबरांवर हार्ड क्लिअर मारू नका. चालू असलेली सेशनंही पडतात आणि आउटक्यूसारखा पुरावाही जातो. राउट ताजे करायला सॉफ्ट क्लिअर पुरतं. शिवाय राउटरपर्यंत पोचायला नेटवर्कबाहेरून वेगळी वाट हवी, आणि ती अधूनमधून वापरून पाहिलेली हवी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं बॅकबोन पडलं, त्यांच्या डीएनएसचे राउट जगाच्या टेबलांतून गेले, आणि अशी वेगळी वाटही ऐनवेळी चालली नाही. सेवा परत यायला सहा तासांच्या आसपास लागले.

प्रोव्हायडरच्या हँडओव्हरच्या कागदावर सही करण्याआधी १५०० बाइटचं, डीएफ बिट लावलेलं पिंग दोन्ही टोकांवरून करून घ्या आणि त्याचं आउटपुट त्याच कागदाला जोडा.