‘गेलों होतों’ आणि ‘हॅड गॉन’

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासूं लागलों म्हणजे एक वाक्य आम्हांस दरवर्षीं हटकून भेटतें. सुटी कशी घालविली या विषयावर विद्यार्थी लिहितो, ‘आय हॅड गॉन टु शेगांव इन द व्हेकेशन’. शब्द शुद्ध असतात, अक्षरहि सुवाच्य असतें. तरी वाक्याखालीं तांबड्या शाईची रेघ ओढावी लागते. विद्यार्थी गोंधळतो. तो म्हणतो, ‘सर, मी सुटींत शेगांवास गेलों होतों, याचेंच हें भाषांतर आहे. मग चुकलें कोठें?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें सविस्तर उत्तर द्यावें या हेतूनें हा पाठ लिहिला आहे. पालकांनींहि तो वाचावा अशी विनंति आहे. कारण ज्यांस इंग्रजी येत नाहीं अशा पालकांसहि मुलाची ही चूक ओळखतां येईल, असा एक सोपा उपाय शेवटीं सांगावयाचा आहे.

या चुकीचें मूळ बरेंचसें नांवांत आहे. ‘गेलों होतों’ या रूपास आपण पूर्ण भूतकाळ म्हणतों, आणि ‘हॅड गॉन’ या इंग्रजी रूपासहि वर्गांत तेंच नांव देतों. दोन्ही भाषांचीं व्याकरणें शेजारीं ठेवून शिकण्याची पद्धत आपणांकडे जुनी आहे. विल्यम केरी या मिशनरी पंडितानें मराठीचें व्याकरण इंग्रजी भाषेंत लिहून १८०५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण निघालें, तेंहि इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढें ठेवून रचलेलें होतें. या पद्धतीचे उपकार मोठे आहेत. परंतु तींत एक धोका आहे: नांव एक दिसलें कीं कामहि एकच असेल असें वाटूं लागतें. गांवांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असले, म्हणून त्यांचा धंदाहि एक असतो असें नाहीं.

प्रथम मराठी रूपाचें काम पाहूं. ‘काल मामा आले होते’ असें म्हटलें म्हणजे मामा आले आणि परत गेले, हें ऐकणारा समजतो. ‘लहानपणीं मीं लोणारचें सरोवर पाहिलें होतें’ या वाक्यांत क्रिया फार मागें घडली आणि संपली, एवढेंच सांगावयाचें आहे. ही क्रिया दुसऱ्या कोणत्या क्रियेच्या आधीं घडली, हें कोणी विचारीत नाहीं. मराठी वाक्य तेवढ्यानें पुरें होतें.

इंग्रजी ‘हॅड’ मात्र एकटें उभें राहत नाहीं. त्यास टेकावयास भिंत लागते. ही भिंत म्हणजे भूतकाळांतीलच दुसरी एखादी वेळ किंवा घटना. तिच्यापूर्वीं पहिली क्रिया होऊन गेली होती, हें सांगण्यासाठींच ‘हॅड’ योजतात. म्हणून ‘आय हॅड गॉन टु शेगांव’ एवढेंच ऐकून इंग्रजी जाणणारा माणूस थांबून राहतो, ‘कशाच्या आधीं?’ हा प्रश्न त्याच्या मनांत तसाच राहतो. येथें साधा भूतकाळ पुरे आहे: ‘आय वेंट टु शेगांव इन द व्हेकेशन’.

आतां जेथें ‘हॅड’ पाहिजेच, असें उदाहरण घेऊं. खामगांवास आगगाडीनें जावयाचें म्हणजे मुख्य मार्गावर जलंब येथें उतरून फाट्याची गाडी धरावी लागते. समजा, आम्ही जलंबास पोहोंचलों आणि खामगांवची गाडी आम्हांस मिळाली नाहीं. तर आम्ही लिहूं, ‘व्हेन वुई रीच्ड जलंब, द ट्रेन हॅड लेफ्ट’, म्हणजे आम्ही पोहोंचलों तेव्हां गाडी सुटली होती. गाडी डोळ्यांदेखत हलत असती, तर ‘द ट्रेन वॉज लीव्हिंग’ असें लिहिलें असतें. आणि ‘व्हेन वुई रीच्ड जलंब, द ट्रेन लेफ्ट’ असें लिहिलें, तर आम्ही येतांच ती सुटली, असा अर्थ झाला. एका ‘हॅड’नें प्रवाशाची सारी हकीकत बदलते.

हा भेद केवळ गाडीपुरता नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें मातोश्री जिजाबाईंचें जन्मस्थान. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं रायगडावर झाला, आणि १७ जून १६७४ रोजीं गडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें मातोश्रींनीं देह ठेवला. मध्यें दिवस अवघे अकरा. हें इंग्रजींत सांगावयाचें तर ‘व्हेन जिजाबाई डाइड, शिवाजी हॅड बीन क्राउन्ड’ असें लिहिलें पाहिजे. विद्यार्थ्यानें येथें ‘हॅड बीन’ गाळून ‘वॉज क्राउन्ड’ लिहिलें, तर मातोश्री वारल्यावर राज्याभिषेक झाला असा अर्थ निघेल, आणि ज्या माउलीनें पुत्राचा राज्याभिषेक डोळ्यांनीं पाहिला, तिचें तें भाग्य आपल्या लेखणीनें हिरावून घेतल्यासारखें होईल. व्याकरणाची चूक येथें इतिहासाची चूक होते.

तथापि ‘आधीं’ हा अर्थ दुसऱ्या शब्दानें स्पष्ट झाला असेल, तर ‘हॅड’वांचून चालतें. ‘शिवाजी वॉज क्राउन्ड बिफोर जिजाबाई डाइड’ हें वाक्य निर्दोष आहे, कारण ‘बिफोर’ या शब्दानें क्रम सांगितला. तसेंच गोष्टी ज्या क्रमानें घडल्या त्याच क्रमानें सांगत गेलें, तर प्रत्येक क्रियेस साधा भूतकाळच योजावा. उठलों, स्नान केलें, जेवलों, शाळेस निघालों, या मालिकेंत एकहि ‘हॅड’ नको. कथा पुढें जात असतां मागें वळून पाहावें लागलें, म्हणजेच त्याची गरज पडते.

रूपाविषयीं दोन शब्द. मराठींत होता, होती, होतें, होतों, होते अशीं लिंगवचनपुरुषांप्रमाणें रूपें बदलतात; इंग्रजींत सर्वांस एकच ‘हॅड’. शिवाय मराठी ‘होता’ हें ‘असणें’ या अर्थाचें क्रियापद आहे, म्हणून कित्येक मुलें ‘ही वॉज कम’ असें लिहितात. ही चूक आपल्याच मुलांची आहे असें नाहीं. डच भाषेंत जाणें, येणें अशा क्रियापदांबरोबर ‘असणें’ व इतर पुष्कळ क्रियापदांबरोबर ‘जवळ असणें’ या अर्थाचें साहाय्यक क्रियापद येतें. म्हणून इंग्रजी शिकणारा डच विद्यार्थीहि येथें अडखळतो. फार काय, १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत ‘वॉज कम’ अशीं रूपें आढळतात. पुढें इंग्रजीनें तीं टाकिलीं, आणि ‘हॅड’ तेवढें राखलें.

आणखी दोन ठिकाणीं मराठी वळण आपणांस फसवितें. ‘त्यानें सांगितलें कीं, मीं पुस्तक वाचलें आहे’ या वाक्यांत मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेविते. इंग्रजींत सांगणें भूतकाळीं झालें, म्हणून वाचणें त्याहून मागें सरतें: ‘ही सेड दॅट ही हॅड रेड द बुक’. दुसरें ठिकाण न घडलेल्या गोष्टीचें. ‘पाऊस आला असता तर कपाशी वांचली असती’ यांत मराठी दोन्हीकडे सारखें रूप ठेविते. म्हणून मुलें दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितात. इंग्रजींत अटीच्या भागांत ‘हॅड’ आणि फळाच्या भागांत ‘वुड हॅव’ असा नियम आहे: ‘इफ इट हॅड रेन्ड, द कॉटन वुड हॅव सर्व्हाइव्ड’.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दासाठीं इतका खटाटोप कशाला? पण शाळा सुटल्यावर आपल्या मुलांस अर्ज लिहावे लागतात, पत्रें धाडावीं लागतात. अर्जांत ‘आय हॅड पेड द फी’ एवढेंच लिहिलें, तर वाचणाऱ्यास वाटतें, भरली होती, मग पुढें काय झालें? परत घेतली कीं काय? पैसे भरणारा प्रामाणिक असतो, संशय मात्र त्याच्या वाक्यानें उत्पन्न होतो. कोणती गोष्ट आधीं झाली व कोणती मागाहून, हें नेमकें सांगतां येणें हा सत्य बोलण्याचाच एक भाग आहे.

आतां पालकांसाठीं सांगितलेला उपाय. मुलानें ‘हॅड’ घातलेल्या वाक्याचा मराठी अर्थ त्याच्याच तोंडून ऐकावा, आणि एकच प्रश्न विचारावा: ‘कशाच्या आधीं?’ उत्तर त्याच वाक्यांत किंवा मागच्या वाक्यांत सांपडलें, तर ‘हॅड’ राहूं द्यावें. मुलगा गप्प राहिला, तर तें खोडून साधा भूतकाळ लिहावयास सांगावें. न घडलेल्या गोष्टीच्या अटीस मात्र हा प्रश्न लावूं नये.

अभ्यासासाठीं चार वाक्यें देतों. एक: आम्ही काल सिंदखेडराजास गेलों होतों. दोन: शिक्षक वर्गांत आले तेव्हां आम्हीं फळा पुसला होता. तीन: गेल्या वर्षीं कपाशीस चांगला भाव आला होता. चार: मला पत्र मिळालें, पण त्यापूर्वींच भाऊ घरीं पोहोंचला होता. चारी वाक्यांत ‘होता’ किंवा ‘होतों’ आहे. परंतु ‘हॅड’ दुसऱ्या व चौथ्या वाक्यांतच येईल. पहिल्या व तिसऱ्या वाक्यास टेकावयास भिंत नाहीं. विद्यार्थ्यांनीं हीं वाक्यें घरीं इंग्रजींत लिहावीं, आणि प्रत्येकास तो प्रश्न स्वतःच विचारून पाहावा. असें कांहीं दिवस केलें म्हणजे तांबड्या शाईची ती रेघ आम्हांस पुन्हां ओढावी लागणार नाहीं, अशी आशा आहे.